सत्त्याऐंशी नंबरचं कार्ड

पिंगळी स्टेशनच्या अलीकडं, रस्ता रुळांना चिकटून वळतो तिथं, माघातल्या एका सकाळी एक मोटारसायकल मेंढरांत अडकली. अडकली म्हणजे अगदी पुरती. पुढं मेंढरं, मागं मेंढरं, दोन्ही अंगांनी मेंढरं, आणि मधोमध हेल्मेट घातलेला एक उंचेला तरुण, अंगठा हॉर्नवर दाबून. हॉर्न वाजला की मेंढरं बिचकायची, आणि बिचकली की आणखी दाटीनं त्याच्याच गाडीभोवती गोळा व्हायची.

“ओ हॉर्नवाले!” बांधावरून शिवकन्या ओरडली. “बंद करा ते. खामखा जनावर परेशान व्हायलंय.”

“मग मी जाऊ कसा?”

“तुमी नका जाऊ. गप उभं ऱ्हावा. त्यायलाच जाऊ द्या.”

तो गप उभा राहिला. एका कोकरानं त्याच्या बुटाची लेस तोंडात धरली, तरी पाय उचलायचं धाडस त्याला होईना. शिवकन्येला हसू फुटलं. मग त्यानं हेल्मेट काढलं, कपाळाला चिकटलेले केस मागं सारले आणि वर बघितलं... आणि तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली. काठी बदलायचं तसं काही कारण नव्हतं.

“इथं शिवकन्या मॅडम कुठं भेटतील? परभणीहून आलोय. संस्थेनं पाठवलंय, फोटोंच्या कामाला.”

“मॅडम म्हनू नका. मेंढरं हासतेत.”

“म्हणजे... तुम्हीच?”

“मीच. आन् तुमी नागेश सर. उद्या येनार होते न्हवं?”

“एक दिवस आधी निघालो.”

“दिसलं,” ती म्हणाली. “मेंढरायलाबी दिसलं.”

आता हे फोटोंचं काम काय ते सांगायलाच हवं, कारण पुढची सगळी गंमत आणि सगळी फजिती त्यातूनच झाली. शिवकन्येचे वडील ग्यानबा आणि त्यांच्या सोबतीची चार घरं, मिळून सहाशे बारा मेंढरं. दिवाळी झाली की ती निघायची, कापूस वेचून झालेल्या रानांत मुक्काम करायची. शेताला खत मिळायचं, मेंढरांना पाला. मागच्या साली त्यांच्यातल्याच बन्सीधरकाकांची सात मेंढरं कोणीतरी हाकून नेली. काकांनी ती बाजारात ओळखली, एकेकीला नावानं हाक मारली. पण ‘तुमचीच कशावरून?’ असं विचारल्यावर दाखवायला हातात कागद नव्हता. त्याच्या आधी कोणी कोणी येऊन मेंढरांच्या कानांत बिल्ले मारून गेले होते. कान सुजले, चिघळले, आणि ती माणसं परत फिरकली नाहीत. तेव्हापासून कोणी वही-पेन घेऊन आलं की ग्यानबा वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची ती जाळी, उघडतच नसत.

शिवकन्या बारावी झालेली, परभणीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. मेंढपाळांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेला तिनंच सुचवलं की कान टोचू नका, तोंडाचा फोटो काढा. प्रत्येकीचं तोंड वेगळं असतं. फोटो, नंबर, मालकाचं नाव, असं एकेकीचं कार्ड करा. आणि घरी तिनं शब्द दिला, “आबा, ह्याचा जिम्मा माझा.” ग्यानबांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, “तू म्हनतीस म्हनून.” पाच घरांनी जाळी उघडली ती तिच्या तेवढ्या बोलण्यावर. ते खोटं पडलं असतं तर या माणसांपुढं पुन्हा तोंड उघडायची सोय तिला राहिली नसती.

म्हणून पहिल्या दिवशी ती शाळेतली जुनी पाटी घेऊन आली. “परतेकीम्होरं ही धरू. वर नंबर, खाली मालकाचं नाव. मग फोटो.”

नागेश हसला. खवचट नव्हे, पण हसला. “सहाशे वेळा लिहायचं, सहाशे वेळा पुसायचं? तुम्ही वहीत ओळीनं नावं लिहा, मी ओळीनं फोटो काढतो. पहिला फोटो पहिल्या नावाला, दुसरा दुसऱ्याला. पुढचं कॉम्प्युटर बघून घेईल.”

“आन् चुकला तर?”

“तो चुकत नाही.”

असं बोलणाऱ्याचं पुढं काय होतं, ते आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं बघितलेलं असतं. शिवकन्येनं पाटी गुपचूप पिशवीत परत ठेवली.

दुपारी बाभळीखाली भाकरी खाल्ल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही.

“ह्याच्यात माऊस न्हाई?”

“नाही. एकेक फोटो उघडून कापत बसलो तर महिना जाईल. इथं एका ओळीत सांगून टाकायचं. या फोल्डरमधला प्रत्येक फोटो घे, मधला चौकोन काप, कार्डाएवढा कर, खाली यादीतलं नाव-नंबर छाप.” त्यानं लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. “दाबा एंटर.”

तिनं दाबलं. पडद्यावर अक्षरं सरसर वर गेली, आणि सकाळी काढलेल्या चाळीस मेंढ्या चाळीस चौकोनांत येऊन बसल्या. आबांनी शीळ घातल्यावर मेंढरं वाघरीत शिरतात, तशाच. शिवकन्येनं टाळीच वाजवली.

“पन हे इचारत न्हाई का, बराबर हाय ना म्हनून?”

“नाही. सांगितलं तेवढं करतं.”

“मग आमचं कुत्रं बरं,” ती म्हणाली. “सांगितलेलं करायच्या आदी एकदा वळून बघतं.”

नागेश नुसता तिच्याकडं बघत राहिला, आणि ती भाकरीचं फडकं झटकायला उठली. फडक्यात कण नव्हता.

तो सेलूचा. आडनाव ग्यानबांच्या नात्यागोत्यातलंच, पण आजोबांनी मेंढरं विकून कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम धरलेलं. मेंढी आणि शेळी यांतला फरक कळतो, एवढीच त्याची मजल. “मला सगळ्या सारख्याच दिसतात हो,” तो म्हणाला, तर शिवकन्या जवळजवळ रागावलीच.

“सारख्या? ही बघा, ही चंदा. डावा कान दुमडलेला, कपाळावर पांढरा ठिपका, आन् बघायची रीत बघा... जनू आपन तिचं उसनं बुडवलंय. ही दुसरी तिची भन. ठिपका तिलाबी हाय, पन ती लाजती.”

“मेंढी लाजते?”

“तुमी बघायलात म्हनून.”

तो चंदाकडं बघत होता. निदान सुरुवातीला तरी.

दुसऱ्या दिवशी आभाळ अवचित भरून आलं. माघात पावसाचं काय काम? पण भुरभुर सुरू झाली. शहाऐंशी मेंढ्या झाल्या होत्या, वहीवर थेंब पडायला लागले. शिवकन्येनं वही पोटाशी धरली, चंदाचं चार दिवसांचं कोकरू उचललं, ओढणी दोघांच्या डोक्यावरून घेतली आणि त्याच्या ओल्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मागं नागेश कॅमेरा रुमालात गुंडाळत होता... म्हणजे तिला तसं वाटलं. पाच मिनिटांत भुरभुर थांबली. चंदाचा फोटो काढला आणि काम पुढं सरकलं.

सहा दिवसांत सहाशे बारा झाल्या. सातव्या दिवशी तो आला नाही, यायचं कारणच नव्हतं, तरी शिवकन्येनं चारदा रस्त्याकडं बघितलं. कोणत्याही मोटारसायकलचा हॉर्न वाजला की मेंढरांच्या आधी तीच मान वळवायची. तिला तो आवडला होता. उगीच आडवळणानं कशाला सांगायचं? चांगलाच आवडला होता.

दहा दिवसांनी तो कार्डांचे पाच गठ्ठे घेऊन आला. परवा सकाळी मेंढरं सेलूकडं निघणार होती, त्याआधी वाटप. पाची घरं बाभळीखाली जमली. शिवकन्येनं केसाला तेल लावलं होतं, आणि तिची माय कासाबाई ते बघून काही बोलली नव्हती.

“आदी माज्या चंदाचं दाव,” कासाबाई म्हणाली.

बन्सीधरकाकांना वाचता येई, त्याचा त्यांना अभिमानही होता. त्यांनी वहीतून नंबर काढला, गठ्ठ्यातून कार्ड ओढलं, चष्मा सारखा केला आणि खालचा मजकूर खणखणीत आवाजात वाचला. “नंबर सत्त्याऐंशी! मादी. वय तीन वर्षं. शिंगं न्हाईत. मालक ग्यानबा...” मग त्यांची नजर वर, फोटोवर गेली. ते थांबले. कार्ड लांब धरलं, जवळ धरलं.

“ग्यानबा,” ते हळूच म्हणाले, “ही तर आपली शिवकन्या हाय.”

कार्ड हातोहात फिरलं. डोक्यावर ओढणी, कडेला कोकराचा एक कान, आणि मधल्या चौकोनात शिवकन्येचं तोंड. पोरीसोरी फिदीफिदी हसल्या, एक म्हातारा तर ठसका लागेपर्यंत हसला. कासाबाई हसली नाही. तिनं पुढचं कार्ड उचललं. त्यावर चंदा होती, नंबर चंदाच्या बहिणीचा. त्याच्या पुढच्यावर बहीण होती, नंबर तिसरीचा. तिथून शेवटपर्यंत प्रत्येक कार्ड एकानं सरकलेलं. बन्सीधरकाकांची मेंढी ग्यानबांच्या नावावर, काकांच्या कार्डावर तिसऱ्याची. हसणं आपोआप विरलं.

“ह्येच कागद दाखवून मेंढरं सोडवायची व्हय?” कोणीतरी म्हणालं.

ग्यानबांनी लेकीकडं बघितलं नाही. ते नागेशला म्हणाले, “फोटो कुनाच्या इजाजतीनं काढला?”

नागेशचा चेहरा पार उतरला होता. पण तो मागं सरला नाही. “कुणाच्याच नाही. चूक माझी आहे, आबा. दोन्ही चुका माझ्याच. यांनी पाटी धरू म्हणून सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. छापायच्या आधी पहिली दहा कार्डं तेवढी बघितली, ती बरोबर होती. यांचा यात काही दोष नाही.”

“जिम्मा तिनं घेतला व्हता,” ग्यानबा म्हणाले. “परवा आमी निघनार. तवर जमलं तर जमलं. न्हाईतर ह्या गोष्टी पुन्ना नको.”

शिवकन्येचे कान तापले होते. लाज, राग, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी, ज्याचा तिला त्या घडीला जास्तच राग आला. ती बाभळीच्या पलीकडं, सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात पण कानांच्या बाहेर जाऊन बसली. “लॅपटॉप आना,” ती म्हणाली.

त्यानं आणला. फोटो सहाशे तेरा, नावं सहाशे बारा. यादी संपली तेव्हा एक फोटो उरला होता, आणि त्या काळ्या पडद्यानं चकार शब्द काढला नव्हता.

“इचारलं का न्हाई?” ती म्हणाली.

“मशीन विचारत नाही, मी सांगितलं होतं...”

“मशीनला न्हाई म्हनत मी. तुमी. फोटो काढताना तुमी का न्हाई इचारलं?”

नागेशनं लॅपटॉपची कड बोटानं पुसली. मग म्हणाला, “विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हनले असते. ती ‘न्हाई’बी माझीच हाय ना? ती का घेतली तुमी?”

पलीकडं रुळांवरून एक मालगाडी गेली, डबे संपता संपेनात.

“पाऊस आला,” तो अखेर म्हणाला, खाली बघत. “सगळी आपापलं डोकं झाकत होती. तुम्ही आधी कोकराचं झाकलं. मला... काही सुचलं नाही. बोट दाबलं गेलं. आणि नंतर सांगायची हिंमत झाली नाही. रोज उघडून बघत होतो मात्र, आणि तरी त्यानं यादी सरकेल हे ध्यानात आलं नाही. खोटं कशाला बोलू?”

“दावा,” ती म्हणाली.

त्यानं न कापलेला, अख्खा फोटो उघडला. शिवकन्येनं स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. ओळखपत्रावर, लग्नाच्या गर्दीत, मैत्रिणीच्या मोबाइलवर दात दाखवताना, असं बघितलं होतं. पण ही... ओल्या कानाशी काहीतरी सांगणारी, कोणी बघतंय हे न कळलेली ही मुलगी तिलाही नवीनच होती. फोटो सुरेख होता. तिथंच तर दुखत होतं.

“हा एक बाजूला काढला की सगळे नंबर जागेवर येतात,” नागेश म्हणाला. “दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकतो...” आणि तो आपणहून थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. एक लहानशी ओळ लिहिली.

“हे काय?”

“काढून टाकतोय. इथून गेलं की गेलंच. कचऱ्याच्या डब्यातही सापडत नाही. कॅमेऱ्यातलाही आधीच पुसलाय, कापलेलाही यातच जातोय. छापलेलं कार्ड तेवढं उरेल, ते तुमचं.” त्याचं बोट एंटरवर थांबलं. “विचारून काढला नव्हता, म्हणून तो माझा नाहीच.”

‘थांबा’ हा शब्द शिवकन्येच्या अगदी ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. नागेशनं एंटर दाबलं. काही आवाज झाला नाही, काही हललं नाही. एका ओळीखाली दुसरी ओळ आली, इतकंच. पण फोटो गेला. त्याच वेळी त्या माणसावरचा तिचा राग कुठं गेला, ते तिला कळलंही नाही.

“छापायच्या आदी,” ती म्हणाली, “सगळी तपासायची. सहाशे बारा. एकबी सोडायची न्हाई. आन् आमी न्हाई सांगनार, तुमी वळखायची.”

मग त्या दुपारी बाभळीखाली असा सोहळा रंगला की बस्स. लॅपटॉप पेटीवर ठेवलेला, भोवती पाची घरं, आणि नागेश एकेक तोंड ओळखतोय. नंबर झाकून ठेवलेले.

“ही... चंदा. डावा कान दुमडलेला. बघते कशी, जणू आपण तिचं उसनं बुडवलंय.”

“आन् ही?” कासाबाईनं विचारलं.

“तिची बहीण. ही लाजते.”

कासाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. “पोराला दिसाया लागलं की वो.”

सगळ्या काही त्याला ओळखता आल्या नाहीत. तो चुकला की पोरं ओरडायची, मालक सांगायचा, आणि शिवकन्या वहीत खूण करायची. उन्हं कलली तेव्हा सहाशे बारा खुणा झाल्या होत्या, एकही फोटो उरला नव्हता. बन्सीधरकाकांनी आपल्या मेंढ्यांची तोंडं तर दोनदा बघून घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बिऱ्हाड घोडीवर चढत असताना मोटारसायकल आली. हॉर्न न वाजवता. मेंढरं आडवी आली तिथंच दोन्ही पाय टेकवून तो थांबून राहिला आणि ती बाजूनं गेल्यावरच उतरला. ग्यानबांनी ते बघितलं. कार्डं वाटली. बन्सीधरकाकांनी आपला गठ्ठा छातीशी धरला, मग टोपीत ठेवला, मग परत काढून बंडीच्या आतल्या खिशात. ग्यानबा एवढंच म्हणाले, “शिवकन्ये, पुढल्या साली कोकरांचीबी करून घे.” तिला डोळे पुसावे लागले. धूळ होती म्हणा हवं तर.

नागेश जाण्यासाठी वळला. कॅमेरा त्याच्या खांद्यावर होता, पण झाकणसुद्धा त्यानं काढलं नव्हतं.

“सर, थांबा.”

तिनं पिशवीतून पाटी काढली. खडूचा तुकडा घेतला, पाठमोरी होऊन काहीतरी लिहिलं, आणि पाटी छातीशी धरून त्याच्यासमोर उभी राहिली. नाव: शिवकन्या. वय: तेवीस. मालक: स्वतः. शिंगं: आहेत.

नागेश हसला नाही. त्यानं पाटी वाचली, मग तिला. “काढू?” त्यानं विचारलं.

तिनं त्याला ताटकळत ठेवलं. चांगली दहा मेंढरं पुढं जाईस्तोवर ठेवलं.

“काढा.”

फोटो निघाला. तिनं ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि खडूसकट त्याच्या हातात दिली. “आता तुमी.”

त्यानं लिहिलं. नाव: नागेश. वय: सव्वीस. मालक: स्वतः. शिंगं: गळाली. मग जरा घुटमळला, आणि खाली एक नवीनच रकाना वाढवला. ‘सोबत’ लिहून पुढं दोन टिंबं दिली आणि जागा कोरी सोडली. खडू तिच्यापुढं धरला. बोलायचं ते पाटीवर होतं.

शिवकन्येनं मागं वळून बघितलं. ग्यानबा घोडीचा पट्टा आवळत होते, मघाशी आवळलेलाच. कासाबाई भलतीकडंच तोंड करून उभी होती, पण गालात हसत होती. शिवकन्येनं खडू घेतला आणि कोऱ्या जागेत एकच अक्षर लिहिलं: शि.

“बाकीचं?” नागेशनं विचारलं.

“बाकीचं सेलूत. तुमच्या आईम्होरं. आठ दिसांत पोचतोत आमी.” तिनं खडू ओढणीच्या टोकाला बांधला, कॅमेरा त्याच्या खांद्यावरून घेतला आणि त्याचा फोटो काढला. पाटी सरळ, माणूस जरा तिरका.

मग चार पावलं मेंढरांमागं गेल्यावर ती थांबली.

“ओ हॉर्नवाले! दोन फोटो झाले. यादीत दोन नावं लिवा, एकाखाली एक. न्हाईतर परत नंबर चुकतील.”

नागेशनं तिथंच, रस्त्याच्या मधोमध, मोटारसायकलच्या सीटवर वही ठेवली आणि दोन नावं लिहिली.